पेशीपटल, रिसेप्टर आणि एन्झाइम : तिन्ही एकाच जागी कसे शिकावेत

एमबीबीएसच्या पहिल्या दोन वर्षांत पेशीपटल तीनदा समोर येतं. फिजिऑलॉजीत ट्रान्सपोर्ट म्हणून, बायोकेमिस्ट्रीत लिपिड आणि एन्झाइम म्हणून, फार्माकॉलॉजीत रिसेप्टर, म्हणजे रसायनाचा निरोप घेणारं प्रथिन, म्हणून. तीन विषय, तीन वह्या, तीन परीक्षक. मुलं तिन्ही धडे पाठ करतात आणि ते एकमेकांना कधी भेटतच नाहीत. मग सांगली-मिरजेच्या कॅज्युअल्टीत तासगावकडचा एखादा बागायतदार येतो. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत औषध मारताना चक्कर आलेली, बाहुल्या बारीक झालेल्या, तोंडातून लाळ. त्याच्या बाबतीत तिन्ही धडे एकाच ठिकाणी आणि एकाच मिनिटात लागतात.

म्हणून माझा आग्रह असा, की पेशीपटल हवेत शिकू नका. शरीरातली एक जागा निवडा आणि सगळं तिथेच बसवा. मी न्यूरोमस्क्युलर जंक्शन निवडतो, म्हणजे मज्जातंतूचं टोक आणि स्नायू यांच्यातली फट. आपल्या भागात फवारणीची विषबाधा आणि सर्पदंश हे दोन्ही नेहमीचे, आणि दोन्हींचा घाव बऱ्याचदा याच फटीत बसतो. दुसरी जागा लहान आतड्याची. या दोन जागा नीट काढता आल्या की विषयाचा मोठा भाग हाती येतो.

कोरे कागद आणि हिस्टॉलॉजीच्या रंगीत पेन्सिली घ्या. पुस्तक शेजारी असू द्या, पण आकृती त्यात बघून काढायची नाही. आधी काढा, मग ताडून बघा.

पायरी १ : लिपिडचे दोन थर, आणि ते सारखे नाहीत

पटलाची जाडी साधारण ७ ते १० नॅनोमीटर. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींमधलं लिपिड काढून पाण्यावर पसरवलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट जागा व्यापत होतं, आणि दोन थरांची कल्पना तिथून आली. तांबडी पेशीच का, हे लक्षात घ्या. आपल्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाही. मिळालेलं सगळं लिपिड बाहेरच्या पटलाचंच.

बहुतेक वह्यांत दोन्ही थर एकाच रंगाने काढलेले असतात. तसं करू नका. बाहेरच्या थरात फॉस्फॅटिडिलकोलिन आणि स्फिंगोमायलिन जास्त असतात, त्यांना एक रंग द्या. आतल्या थरात फॉस्फॅटिडिलसेरीन, फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमाइन आणि फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल, त्यांना दुसरा रंग. साखर चिकटलेली लिपिडं, म्हणजे ग्लायकोलिपिड, फक्त बाहेरच्या बाजूला काढा. यांतल्या दोन गोष्टींवर लाल खूण करून ठेवा : आतलं इनॉसिटॉल आणि बाहेरचं ग्लायकोलिपिड. पहिलं चौथ्या पायरीत लागेल, दुसरं सातव्या.

ही विषमता पेशी मुद्दाम राखते आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करते. फॉस्फॅटिडिलसेरीन आत ओढून ठेवण्याचं काम फ्लिपेज नावाची प्रथिनं करतात. ते बाहेर आलं की त्याला अर्थ येतो. मरणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर ते दिसलं की मॅक्रोफेज ही सफाई करणारी पेशी तिला गिळते. उत्तेजित प्लेटलेटवर दिसलं की रक्त गोठवणारे घटक त्या पृष्ठभागावर जमतात.

कोलेस्टेरॉल पटलाला घट्ट करतं, एवढंच लिहिणं अपुरं आहे. शरीराच्या तापमानाला ते पटलाचा सैलपणा कमी करतं, आणि थंडीत लिपिडच्या शेपट्या एकमेकींना चिकटून गोठू देत नाही. दोन्ही वाक्यं लिहा.

पायरी २ : प्रथिनं कशी बसवली आहेत ते बघा

१९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी जोडली. दोघांची पृष्ठभागावरची प्रथिनं वेगवेगळ्या रंगांनी चमकवली होती, ती सुमारे ४० मिनिटांत एकमेकांत मिसळली. १९७२ साली सिंगर आणि निकोलसन यांनी फ्लुइड मोझेइक मॉडेल मांडलं, त्याला अशा पुराव्याचा आधार होता. मॉडेलचं वर्णन सगळे लिहितात, त्यामागचा प्रयोग फार थोडे लिहितात.

प्रथिनांचं प्रमाण जागेप्रमाणे बदलतं. मायलिनमध्ये, म्हणजे मज्जातंतूवरच्या वेष्टणात, वजनाने ते पाव भागाच्या आतबाहेर, कारण त्याचं काम विद्युतप्रवाह अडवण्याचं. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात सुमारे तीन चतुर्थांश, कारण तिथे एन्झाइमांची रांगच लागलेली असते. पटल काय काम करतं ते त्यातल्या प्रथिनांवरून ठरतं, हे या दोन आकड्यांतून समजतं.

आता प्रथिनं तीन तऱ्हांनी काढा, आणि प्रत्येकीसमोर एक आजार लिहा. पटलातून आरपार जाणारी, उदाहरणार्थ तांबड्या पेशीतलं बँड ३. आतून टेकू देणारी, जसं स्पेक्ट्रिन आणि अँकिरिन. हा टेकू ढासळला की पटलाचे तुकडे गळतात आणि पेशी गोल होते, तो हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस. ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटीच्या प्रॅक्टिकलला निरोगी रक्त साधारण ०.५ टक्के मिठाच्या पाण्यात फुटायला लागतं आणि ०.३ टक्क्यांच्या आसपास पूर्ण फुटतं. गोल पेशीत फुगायला जागाच उरलेली नसते, म्हणून ती आधीच फुटते. प्रॅक्टिकलच्या नळ्या मांडताना हा आजार आठवला पाहिजे.

तिसरी तऱ्हा जीपीआय अँकरची. प्रथिन पूर्ण बाहेर, फक्त एका लिपिडने पटलाला धरलेलं. तांबड्या पेशीला कॉम्प्लिमेंटपासून, म्हणजे रक्तातल्या पेशी फोडणाऱ्या प्रथिनांपासून, वाचवणारी सीडी ५५ आणि सीडी ५९ अशीच धरलेली असतात. हा अँकर बनवणारा जीन रक्ताच्या मूळ पेशीत बिघडला की दोन्ही गायब होतात आणि पेशी फुटतात, तो पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया. तांबड्या पेशीवरचं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइमही याच अँकरने टांगलेलं असतं. त्याचं नाव आकृतीत आत्ताच लिहा, सहाव्या पायरीत लागेल.

पायरी ३ : कोण सरळ आत जातं, कोणाला दार लागतं

ही पायरी पुस्तकात मोठी असते, पण तिचं सार थोडं आहे. लिपिडमध्ये विरघळणारं सरळ जातं : ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, स्टिरॉइड. विद्युतभार असलेल्याला चॅनेल, वाहक किंवा पंप लागतो. पाण्यासाठी अ‍ॅक्वापोरिन आहे, त्याच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं.

याचा उपयोग बघा. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं लिपिडमध्ये विरघळतात, म्हणून ती कातडीतूनही आत जातात. औषध तोंडाने गेलेलं नसतानाही शेतकऱ्याला बाधा होते ती यामुळे. भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि त्याचं कारण तुमच्या पहिल्या आकृतीत आहे. उलट निओस्टिग्मिन या औषधाच्या रेणूवर कायमचा धन भार असतो, म्हणून ते मेंदूत सहसा शिरत नाही.

सोडियम-पोटॅशियम पंप इथेच काढा. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, एक एटीपी खर्च. येन्स स्को यांनी १९५७ साली हा पंप दाखवला, तो मुळात एटीपी तोडणारं एन्झाइम म्हणूनच. म्हणजे हे वाहकही आहे आणि एन्झाइमही, आणि हृदयाचं औषध डिगॉक्सिन त्याच्यावर बाहेरून बसतं म्हणून ते औषधाचं लक्ष्यही आहे. तीन विषयांच्या वह्या एका रेणूवर एकत्र येतात त्या अशा.

पायरी ४ : रिसेप्टर वेळेनुसार लावा

रिसेप्टरची यादी पाठ करायला गेलात तर ती संपत नाही. 'परिणाम किती वेळात दिसतो' या एका प्रश्नावर ते लावा.

मिलिसेकंदांत काम करतात ते आयन चॅनेलचे रिसेप्टर. नमुना म्हणून स्नायूवरचा निकोटिनिक रिसेप्टर घ्या, मज्जातंतूतून सुटणारं निरोप्या रसायन अ‍ॅसिटिलकोलिन ओळखणारा : पाच उपघटक, मधे छिद्र. अ‍ॅसिटिलकोलिनचे दोन रेणू बसले की ते उघडतं आणि सोडियम आत येतं.

सेकंदांत काम करतात ते जी-प्रोटीनवाले, पटलातून सात वेळा आरपार गेलेले. यांच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण औषधांचा मोठा हिस्सा इथे काम करतो. जी-प्रोटीनच्या तीन जातींच्या तीन वाटा काढा. जीएस अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला चालना देतो आणि सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीच्या आतला निरोप्या, वाढतं, बीटा रिसेप्टरची वाट ही. जीआय तेच एन्झाइम रोखतो. हृदयावरचा एम-२ रिसेप्टर जीआयचा, आणि तिथे नाडी मंदावते ती मुख्यतः जी-प्रोटीनचाच दुसरा तुकडा पोटॅशियम चॅनेल उघडतो म्हणून. जीक्यू फॉस्फोलायपेज सी जागवतो, आणि हे एन्झाइम पहिल्या पायरीत लाल खूण केलेलं इनॉसिटॉलवालं लिपिड कापतं. एक तुकडा आयपी-३, तो आत जाऊन कॅल्शियम सोडवतो. दुसरा डीएजी, तो पटलातच राहून प्रोटीन कायनेज सी जागवतो. म्हणजे पटलाचं लिपिड स्वतःच निरोप होतं. सायक्लिक एएमपीसाठी सदरलँड यांना १९७१ चं, जी-प्रोटीनसाठी गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ चं, आणि या रिसेप्टरांसाठी लेफ्कोविट्झ व कोबिल्का यांना २०१२ चं नोबेल मिळालं. एकाच साखळीच्या कड्या उलगडायला इतकी दशकं लागली.

मिनिटांत काम करतात ते स्वतःच एन्झाइम असलेले. इन्सुलिनचा रिसेप्टर टायरोसिन कायनेज आहे, त्याच्या निरोपाने स्नायू आणि चरबीच्या पेशीत ग्लूट-४ वाहक पटलावर येतात. तासांत काम करतात ते पेशीच्या आतले, स्टिरॉइडचे. त्यांना पटलावर दार लागत नाही, हे तिसऱ्या पायरीतच आलं.

पायरी ५ : एन्झाइमचा आलेख रिसेप्टरच्या आलेखाशेजारी काढा

मायकेलिस आणि मेंटेन यांचं समीकरण १९१३ चं. व्हीमॅक्स म्हणजे पूर्ण वेग, केएम म्हणजे अर्धा वेग गाठायला लागणारं सब्स्ट्रेटचं, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थाचं, प्रमाण. स्पर्धा करणारा रोधक केएम वाढवतो, व्हीमॅक्स तसाच राहतो. स्पर्धा न करणारा व्हीमॅक्स घटवतो. आता शेजारी औषधाची मात्रा आणि परिणाम यांचा आलेख काढा. स्पर्धा करणारा अँटॅगोनिस्ट, म्हणजे रिसेप्टर अडवणारं औषध, आलेख उजवीकडे सरकवतो, माथा तोच राहतो. जागा कायमची अडवणारा माथाच खाली आणतो. दोन विषयांतली ही दोन पानं एकाच गणिताची आहेत. एकत्र काढलीत तर एकदाच समजून घ्यावी लागतात.

केएमचा अर्थ मुरण्यासाठी ग्लुकोजवर काम करणारी हेक्सोकायनेज आणि ग्लुकोकायनेज ही दोन एन्झाइम शेजारी ठेवा. रक्तात ग्लुकोज साधारण ५ मिलिमोल. हेक्सोकायनेजचा केएम त्याच्या कितीतरी खाली, म्हणजे ते उपाशीपोटीही भरधाव चालतं. यकृतातल्या ग्लुकोकायनेजचा केएम त्याच्या वर, म्हणून ते जेवणानंतरच वेग घेतं.

पायरी ६ : आता सगळं जंक्शनवर आणा

एक मोठा कागद आडवा घ्या. डावीकडे मज्जातंतूचं टोक, मधे फट, उजवीकडे स्नायूचं पटल. क्रम असा : संदेश टोकाला पोहोचतो, कॅल्शियमचे चॅनेल उघडतात, कॅल्शियम आत येतं, अ‍ॅसिटिलकोलिनच्या पिशव्या पटलाला मिसळून फुटतात, दोन-दोन रेणू निकोटिनिक रिसेप्टरवर बसतात, सोडियम आत, स्नायू आकुंचन पावतो. फटीतलं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज लगेच अ‍ॅसिटिलकोलिन तोडतं, आणि कोलिन परत टोकात खेचलं जातं. हे एन्झाइम फटीतल्या बेसल लॅमिनाला चिकटलेलं असतं, तांबड्या पेशीवर मात्र जीपीआयने टांगलेलं. दोन जागा, दोन दोर.

या आकृतीवर तीन रुग्ण बसवा.

पहिला फवारणीवाला. ऑर्गॅनोफॉस्फेट एन्झाइमच्या सेरीनवर फॉस्फेटचा गट चिकटवतं. एन्झाइम बंद पडतं, अ‍ॅसिटिलकोलिन साठत जातं. साठा निकोटिनिक रिसेप्टरवर बसला की स्नायू आधी फडफडतात, मग थकून लुळे पडतात. मस्कॅरिनिक, म्हणजे ग्रंथी, आतडं आणि हृदय इथल्या अ‍ॅसिटिलकोलिनच्या रिसेप्टरवर बसला की लाळ, घाम, उलट्या, जुलाब, मंद नाडी आणि छातीत स्राव भरून घरघर. अ‍ॅट्रोपिन फक्त मस्कॅरिनिक रिसेप्टर अडवतं. म्हणून त्याने छाती कोरडी होते, पण स्नायूंची कमजोरी जात नाही, आणि छाती कोरडी झालेल्या रुग्णाचाही श्वास थांबू शकतो. हे वाक्य समजून लिहिलेल्या मुलाला परीक्षक पुढचं फारसं विचारत नाही. प्रॅलिडॉक्सिम सेरीनवरचा फॉस्फेट काढून एन्झाइम मोकळं करतं, पण तो बंध 'एजिंग' होऊन पक्का होण्याआधीच. तत्त्व असं स्वच्छ असलं, तरी प्रत्यक्ष रुग्णाला त्याचा किती फायदा होतो यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. कार्बामेट कीटकनाशकाचा बंध आपोआप सुटतो.

दुसऱ्याला नाग चावलेला. नागपंचमीमुळे बत्तीस शिराळ्याचं नाव नागाशी कायमचं जोडलं गेलं, पण शेतात तो सगळ्या जिल्ह्यात आहे. नागाचं न्यूरोटॉक्सिन उजव्या बाजूला, निकोटिनिक रिसेप्टरवर बसतं. पापण्या उतरतात, गिळता येत नाही, श्वास उथळ होतो. अँटीव्हेनम हा मुख्य उपचार. सोबत निओस्टिग्मिन देतात, ते का? ते अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजला रोखतं, फटीत अ‍ॅसिटिलकोलिन वाढतं आणि उरलेले रिसेप्टर जागे होतात. मस्कॅरिनिक त्रास होऊ नये म्हणून बरोबर अ‍ॅट्रोपिन. आता दोन्ही रुग्ण शेजारी ठेवा. एकाच्या फटीत ज्या एन्झाइमचं बंद पडणं हे विष आहे, दुसऱ्याच्या फटीत त्याच एन्झाइमला रोखणं हे औषध आहे. फरक कळायला रिसेप्टर कुठल्या अवस्थेत आहे ते बघावं लागतं, आणि तिन्ही धडे एकत्र शिकायला हवेत ते याचसाठी.

तिसऱ्याला मण्यार चावलेली, बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेला असताना. दंशाच्या जागी वेदना फारशी नाही, पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या उतरतात. लक्षणं नागासारखीच, पण मुख्य मारा डाव्या बाजूला. विषातलं फॉस्फोलायपेज ए-२ मज्जातंतूच्या टोकाचं पटलच बिघडवतं आणि अ‍ॅसिटिलकोलिनच्या पिशव्या रित्या होतात. टोकातून रसायन सुटतच नसेल, तर फटीतलं एन्झाइम रोखून फारसं काही साधत नाही. म्हणून निओस्टिग्मिनचा उपयोग इथे सहसा कमी. बिघडलेलं टोक अँटीव्हेनम दुरुस्त करत नाही, ते पुन्हा वाढेपर्यंत रुग्णाला व्हेंटिलेटरवर सांभाळावं लागतं.

घोणसही याच कागदाच्या कोपऱ्यात लिहा. तिच्या विषात फॉस्फोलायपेजबरोबर रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ५ आणि फॅक्टर १० ला चालना देणारी प्रोटिएज एन्झाइम असतात. गोठवणारे घटक त्यात संपून जातात आणि रक्त गोठेनासं होतं, म्हणून साध्या काचेच्या नळीत २० मिनिटं रक्त ठेवून बघतात.

आणखी एक गोष्ट सांगाविशी वाटते. मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू कमजोर करणाऱ्या आजारात स्नायूवरचे रिसेप्टर कमी झालेले असतात, हे १९७३ साली मोजलं गेलं ते मण्यारीच्या कुळातल्या सापाचं विष वापरून. ते रिसेप्टरला इतकं घट्ट चिकटतं, की त्याच्यावर किरणोत्सर्गी खूण करून रिसेप्टर मोजता येतात.

पायरी ७ : दुसरी जागा, लहान आतडं

२०१९ आणि २०२१ ला कृष्णेचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना पाणी ओसरल्यावर जुलाबाच्या साथीची धास्ती काय असते ते माहीत आहे. कॉलरा ही पेशीपटलाची एक संपूर्ण गोष्टच आहे. शंभूनाथ डे यांनी १९५९ साली कोलकात्यात दाखवलं, की जंतू नसलेला गाळीव द्रवही आतड्यात पाणी साठवतो, म्हणजे काम विषाचं आहे.

विषाचा बी भाग आतड्याच्या पेशीवरच्या जीएम-१ या ग्लायकोलिपिडला चिकटतो. हीच दुसरी लाल खूण. ए भाग आत जातो आणि तो स्वतः एन्झाइम आहे : जीएस प्रोटीनवर एडीपी-रायबोज चिकटवून तो त्याला बंद होऊ देत नाही. अ‍ॅडेनिलिल सायक्लेज चालूच राहतं, सायक्लिक एएमपी वाढत जातं, क्लोराइडचा सीएफटीआर चॅनेल उघडा राहतो, क्लोराइड बाहेर, त्यामागे सोडियम आणि पाणी.

पण सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारा एसजीएलटी-१ वाहक शाबूत असतो. या जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली होती. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने देऊन असंख्य जीव वाचवले. आजच्या ओआरएसमध्ये दर लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल, एकूण ऑस्मोलॅरिटी २४५. मिठाबरोबर साखर का लागते, ते वाहकाच्या जोडीवरून कळतं. १ लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरात घोळलं तर नुकसान का होतं, हेही इथूनच नातेवाइकांना समजावता येतं.

पायरी ८ : लॅबचा रिपोर्ट वाचा

यकृताच्या तपासणीतलं एएलटी हे पेशीच्या आतल्या द्रवातलं एन्झाइम, तर अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी पित्तनलिकेकडच्या पटलावरची. यकृताच्या पेशी फुटल्या, जसं काविळीच्या विषाणूने, की एएलटी भरमसाट वाढतं. पित्ताची वाट अडली की दुसरी दोन. अल्कलाइन फॉस्फेटेज हाडातूनही येतं, म्हणून वाढत्या मुलात ते जास्त असणं स्वाभाविक आहे. शंका आली तर जीजीटी बघा, ते हाडातून येत नाही.

स्वतःची परीक्षा

दर आठवड्याला एकदा जंक्शन आणि आतडं, दोन्ही कागद न बघता काढा, आणि प्रत्येक बाणावर लिहा : इथे कोणतं औषध किंवा विष बसतं. चार-सहा आठवड्यांत रिकामे बाण कमी होतील.

शेवटचा प्रश्न तुम्हीच सोडवा. साताऱ्याच्या डोंगराकडेला लाल विंचवाने दंश केलेलं मूल येतं : घामाने डबडबलेलं, हातपाय गार, थोड्या वेळाने धाप. विंचवाचं विष सोडियम चॅनेल वेळेवर बंद होऊ देत नाही, मज्जातंतू पेटलेलेच राहतात आणि अ‍ॅड्रिनलिन-नॉरअ‍ॅड्रिनलिनचा लोंढा येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यासाठी प्राझोसिन वापरून जगाला दाखवलं. प्राझोसिन कोणता रिसेप्टर अडवतं, तो कोणत्या जी-प्रोटीनला जोडलेला आहे, ते प्रोटीन पटलातलं कोणतं लिपिड कापवून घेतं, आणि त्यामुळे रक्तवाहिनीच्या स्नायूत कॅल्शियमचं काय होतं? चारही उत्तरं बाणांनी जोडून एका कागदावर काढा.